पहिल्या गोळीच्या अलीकडे-पलीकडे

सीडी-फोरचा रिपोर्ट 27 आलेला माणूससुद्धा पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत येतो. बाहेरच्या बाकावर बसून चहा घेतो, शेजारच्याला पाऊसपाण्याचं विचारतो. केंद्रात नव्याने लागलेली नर्स एकदा रिपोर्टकडे बघते, एकदा त्या माणसाकडे. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात सीडी-फोर नावाच्या या राखणदार पेशी साधारण 500 ते 1500 असतात. 200 च्या खाली गेल्या की आजार पुढच्या टप्प्यात पोचला असं धरतात. 27 म्हणजे शरीराची राखण करायला जवळपास कुणी उरलेलंच नाही. तरी माणूस बोलत असतो आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून घाई करत असतो. मी मराठवाड्यातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, समुपदेशकाचं काम करते. अशा माणसाला त्या एसटीने जाऊ द्यायचं की थांबवून घ्यायचं, या प्रश्नाभोवती माझ्या कामाची बरीच वर्षं गेली आहेत.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची ओळख पटेल असा कुठलाही तपशील इथे ठेवलेला नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला आणि ही गुप्तता पाळणं बंधनकारक झालं. पण त्याआधीही आमच्या टेबलावर बोललेलं टेबलावरच राहायचं. नाही तर लोक दुसऱ्यांदा आलेच नसते.

पन्नाशी ओलांडलेल्या एका मावशींना त्यांच्या मुलाने आणलं. नवरा दहा-बारा वर्षांपूर्वी ‘तापाने’ गेलेला. तेव्हापासून त्यांनी रोजगाराला जाऊन दोन मुलं मोठी केली. दोनेक वर्षं जुलाब लागत होते, थांबत होते, परत लागत होते. तोंड आलं की बरं व्हायचं नाव नाही. जिभेवर पांढरा थर, तिखट लागत नाही, म्हणून दुधात भाकरी कुस्करून खायची. मुलाने पिशवीतून फायलींचा गठ्ठा काढला. अॅसिडिटी, मूळव्याध, आतड्याची सूज, अशक्तपणा. प्रत्येक डॉक्टरचं वेगळं निदान आणि प्रत्येक ठिकाणी सलाईन. मध्ये एकदा कमरेवर नागीण उठली होती. ती शेजारच्या गावात गेरू लावून उतरवून आणली. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, अशी समजूत असल्याने घरचे तेव्हा घाबरले होते, पण ते नागिणीला. नागीण का उठली, हे कुणी विचारलं नाही.

त्या गठ्ठ्यात सोनोग्राफीचे रिपोर्ट होते, थायरॉइड होता, साखर होती. एचआयव्हीची तपासणी नव्हती. ती सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. पण गळ्यात तुळशीमाळ घातलेल्या विधवा बाईला ही तपासणी कशी सांगायची, हा संकोच बहुतेक प्रत्येक डॉक्टरला पडला असावा. गरोदर बाईची तपासणी होते, टीबीच्या रुग्णाची होते. ट्रकचालकांसाठी, शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळे कार्यक्रम आहेत. या सगळ्यांतून निसटतात ती अशी माणसं, ज्यांच्याकडे बघून कुणाच्या मनात शंकाही येत नाही. हा संकोच मला आजाराइतकाच घातक वाटतो, आणि हे मी डॉक्टरांच्या बैठकीतही स्पष्ट बोलते. महिनाभर न थांबणारा जुलाब, तोंडातली बुरशी, पुन्हा पुन्हा येणारा ताप, नागीण, कारण न सापडता उतरणारं वजन: यातलं काहीही असलं तर वय, माळ, मंगळसूत्र न बघता तपासणी सांगायला हवी.

मी या कामात आले तेव्हा उशिराचं कारण वेगळं होतं. सरकारने मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 ला सुरू केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तेव्हा गोळ्या मिळायला सीडी-फोर 200 च्या खाली यावा लागे. पुढे ती मर्यादा 350 झाली, मग 500. लोक विचारायचे, “मॅडम, आजार आहे म्हणता आणि औषध नाही म्हणता, हे कसं?” सहा महिन्यांनी या म्हणून सांगावं लागायचं, आणि त्यातले काही सहा महिन्यांनी यायचेच नाहीत. यायचे ते दीड-दोन वर्षांनी, कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन. 2017 पासून तपासणी पॉझिटिव्ह आली की सीडी-फोर कितीही असो, उपचार सुरू करायचे असं धोरण झालं आणि ती वाट बघणं संपलं. आता जो उशीर होतो तो आमच्या दारात पोचण्याआधीच झालेला असतो.

दारात पोचल्यावर मात्र घरच्यांना वाटतं की आता क्षणाचाही वेळ नको. चांगल्या प्रकृतीच्या माणसाला आम्ही खरोखरच त्याच दिवशी किंवा त्या आठवड्यात गोळ्या देतो. सीडी-फोर खूप खाली असलेल्या माणसाला आधी चार प्रश्न विचारतो: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर आधी टीबी शोधायचा. बेडका, छातीचा एक्स-रे, गाठ असेल तर गाठीतलं पाणी, आणि अगदी खंगलेल्या माणसाची लघवीसुद्धा, कारण टीबीचा अंश तिथेही सापडतो. आणखी एक रक्ततपासणी क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीची. ही बुरशी मातीत असते, पक्ष्यांच्या विष्ठेत असते. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण राखण नसलेल्या शरीरात थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जाते.

मावशींचा सीडी-फोर 31 आला आणि ही बुरशीची तपासणी पॉझिटिव्ह. तेव्हा मी विचारलं, “मावशी, डोकं दुखतं का?” त्या म्हणाल्या, “दुखतंय की, पंधरा दिवस झाले. ऊन लागलंय.” फायलीतल्या एकाही कागदावर डोकेदुखीचा उल्लेख नव्हता, कारण जुलाबापुढे ती कुणाला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती.

डॉक्टरांनी अॅडमिट करून घेतलं आणि पाठीतलं पाणी काढायचं ठरलं. मुलगा उठून उभाच राहिला. “पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो. आमच्या गावात झालंय तसं.” या वाक्याला मी जवळजवळ प्रत्येक वेळी सामोरी जाते, आणि ते खोडून काढण्यात अर्थ नसतो. त्याच्यासमोर मी वहीत पाठीचा कणा काढला, मज्जारज्जू कुठे संपतो ते दाखवलं आणि सुई त्याच्याही खाली, कमरेच्या हाडांमध्ये घालतात हे दाखवलं. या आजारात कवटीत दाब वाढतो, पाणी काढलं की तो उतरतो, म्हणजे ही तपासणी आहे तसा उपचारही आहे, हेही सांगितलं. त्याने वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारलं, “तुमच्या आईचं असतं तर तुम्ही सही केली असती?” मी म्हटलं, केली असती. त्याने सही केली. संध्याकाळी वॉर्डात गेले तर मावशी उठून बसल्या होत्या. डोकं हलकं झालंय म्हणाल्या. ही सुई पुढे आणखी काही वेळा टोचावी लागली, पण मुलाने पुन्हा सहीला नकार दिला नाही.

खरी अडचण नंतर आली. बुरशीची इंजेक्शनं चालू झाली आणि डॉक्टरांनी एचआयव्हीच्या गोळ्या महिनाभर तरी द्यायच्या नाहीत असं सांगितलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला आल्यापासून गोळ्या चालू होत्या. “तिला देता, आमच्या आईला का नाही? आम्ही कुणाच्या ओळखीचे नाही म्हणून?” त्या मुलाचा राग मला कळत होता. इतक्या उशिरा कळलेल्या आजाराचं औषध समोर कपाटात आहे आणि ते द्यायचं नाही, हे पटवून देणं फार अवघड जातं. मी त्याला गावातलंच सांगितलं. बरेच दिवस वाड्याला राखणदार नव्हता, चोर आत येऊन माळ्यावर दबा धरून बसले. आता राखणदार परत आला तर झटापट होणार, आणि ती घरातच होणार. छातीत, पोटात झाली तर निभावता येते. मेंदूच्या आवरणात झाली तर जागा कुठे आहे? म्हणून आधी चोर कमी करायचे, मग राखणदाराला बोलवायचं. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर असेल तर चार ते सहा आठवडे थांबतात, टीबीचा मेंदूज्वर असेल तरही काही आठवडे थांबतात. शरीरात इतरत्र टीबी असेल तर मात्र इतकं थांबायचं नसतं. टीबीचं औषध आधी सुरू करून दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीच्या गोळ्याही द्यायच्या असतात, कारण तिथे थांबण्यानेच माणसं दगावतात. घाईने जीव जातो तसा दिरंगाईनेही जातो, आणि कुठल्या माणसाला कुठला धोका आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच्या तपासण्यांत काटकसर करू नये, या मताची मी आहे.

गोळ्यांबद्दल थोडं. पूर्वीच्या औषधांपैकी स्टॅव्ह्युडिनने पाय बधिर व्हायचे, गाल बसायचे, आणि बसलेल्या गालांवरून गावात आजार ओळखला जायचा. एफाव्हिरेन्झने चक्कर यायची, रात्रभर भलतीसलती स्वप्नं पडायची. आता बहुतेकांना टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकच गोळी असते, दिवसातून एकदा. ती चांगली सोसते आणि विषाणू फार लवकर खाली आणते. पण सीडी-फोर खाली असलेल्या माणसाच्या हातात एक गोळी कधीच नसते. सोबत कोट्रिमोक्साझोल असते, जिला आमच्याकडे सगळे सेप्ट्रानच म्हणतात. बुरशीची असते. टीबीची तरी असते, नाहीतर टीबी होऊ नये म्हणून द्यायची असते.

म्हणून मी प्रत्येक नव्या रुग्णाला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगते. एका गवंडीकाम करणाऱ्या काकांच्या पिशवीतून आमच्या गोळ्यांखेरीज मेडिकलवाल्याने दिलेली लोहाची बाटली निघाली, कॅल्शियमच्या गोळ्या निघाल्या, पोटात जळजळ होते म्हणून घेतलेलं गुलाबी पातळ औषध निघालं आणि कुणीतरी दिलेली काळी पुडी. माणूस खंगलेला दिसला की प्रत्येक जण त्याला ताकदीचं काहीतरी देतो, आणि देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण लोह, कॅल्शियम आणि जळजळीची ही पातळ औषधं डोल्युटेग्राव्हिरला आतड्यात धरून ठेवतात, रक्तात पोचू देत नाहीत. काका गोळी एक दिवसही चुकवत नव्हते. ती घेत होते सकाळी, लोहाच्या दोन चमच्यांबरोबर, रिकाम्या पोटी. आम्ही गोळीची वेळ रात्रीची केली, लोह सकाळी ठेवलं, पुडी बंद केली. फार्मासिस्ट दादांनी डब्यांवर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले, कारण काकांना वाचता येत नव्हतं.

टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. ते डोल्युटेग्राव्हिरला शरीरातून लवकर बाहेर घालवतं, म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक गोळी घ्यावी लागते. ही दुसरी गोळी सगळ्यात जास्त चुकते. घड्याळावर चालणारं आयुष्य असलेल्यालाच बारा तास कळतात. आमच्या लोकांना मी विचारते: दूध घालायला कधी जाता? गावात मुक्कामी एसटी कधी येते? मग त्या वेळेला गोळी बांधायची.

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत काही माणसं जातात, हे लपवून उपयोग नाही. सगळं वेळेत केलं तरी जातात. सीडी-फोर 100 च्या खाली असलेल्यांना एचआयव्हीच्या गोळ्यांसोबत सुरुवातीलाच टीबी, बुरशी आणि जंतुसंसर्ग टाळणारी औषधं एकत्र दिली तर मृत्यू कमी होतात, असं युगांडा, झिम्बाब्वे, मलावी आणि केनियातल्या एका मोठ्या अभ्यासातून 2017 मध्ये पुढे आलं. कमी होतात, थांबत नाहीत. ज्यांचा माणूस गेला ते पुष्कळदा म्हणतात, “गोळ्या चालू केल्या आणि गेला.” ते वाक्य गावात फिरतं, आणि मग त्या गावातून पुढचा माणूस आणखी उशिरा येतो. म्हणून गोळी हातात देण्याआधीच घरच्यांना बसवून पुढे काय काय होऊ शकतं ते सांगणं हे मला माझ्या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं अंग वाटतं. पहिल्या महिन्यात ताप येऊ शकतो. मानेत, काखेत अवधान, म्हणजे गाठ, येऊ शकते. आधी नसलेला खोकला सुरू होऊ शकतो. हे गोळ्या लागू पडल्याचंही लक्षण असू शकतं, लपलेला आजार वर आल्याचंही असू शकतं. दोन्हींत आमच्याकडे यायचं. ‘गोळ्या उष्ण पडल्या’ असं म्हणून घरी बंद करायच्या नाहीत.

आणि सीडी-फोरच्या आकड्याची घाई करायची नाही. विषाणू काही महिन्यांतच तपासणीत न सापडण्याइतका खाली येतो, सहाव्या महिन्याच्या व्हायरल लोडमध्ये ते दिसतं. पेशी मात्र सावकाश वाढतात. मावशींचा सीडी-फोर वर्षाने 140 झाला तेव्हा त्यांच्या मुलाचा चेहरा पडला होता, आणि मी आनंदात होते. व्हायरल लोड सापडत नाही याचा अर्थ गोळ्या नीट पोचत आहेत, पेशींचं नुकसान थांबलं आहे. बाकी काम वेळ करेल, तोवर सेप्ट्रान चालू राहील. फार खालून सुरुवात केलेल्या काही जणांचा आकडा 500 ला कधीच पोचत नाही, तरी ती माणसं शेतात राबतात, लेकींची लग्नं लावतात.

आमच्या भागात एक अडचण अशी आहे की जिचं उत्तर कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. एका जोडप्यातल्या नवऱ्याची तपासणी नेमकी ऑक्टोबरात झाली. सीडी-फोर 44. बायकोची तपासणी निगेटिव्ह. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, आणि ती लेकीच्या दवाखान्यात संपलेली. जोडप्याचा मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई गेली तर अर्धा कोयता, उचल फिटायची नाही. टीबीचे चारही प्रश्न नकारार्थी, एक्स-रे साफ, बुरशीची तपासणी निगेटिव्ह. त्यामुळे टीएलडी लगेच सुरू झाली. डॉक्टरांना तो पहिले तीन महिने जवळ हवा होता, आणि मलाही. तो म्हणाला, “मॅडम, मी राहतो इथं. पण मुकादम दारात येऊन बसंल, त्याला काय सांगू?”

राहा म्हणून सांगणं सोपं होतं. आम्ही तसं केलं नाही. गळीत हंगाम सुरू व्हायला पंधरवडा होता, तेवढ्यात त्याला दोनदा बोलावून तपासलं. कारखान्याजवळचं एआरटी केंद्र शोधलं, तिथल्या समुपदेशकाशी मी फोनवर बोलले, तिथून औषधं मिळतील अशी चिठ्ठी त्याच्या उपचारांच्या हिरव्या पुस्तकात ठेवली. बायकोला वेगळं बसवलं. ती चौथी शिकलेली, मोबाइल वापरणारी, भराभर प्रश्न विचारणारी. टोळीच्या राहायच्या कोप्या एकमेकींना लागून असतात, गोळ्या बघून लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे तिनेच ठरवलं: रक्त वाढायच्या आहेत. डबीतल्या गोळ्या कागदी पाकिटात काढू नका म्हटल्यावर तिने डबीवरचं लेबल फाडायची परवानगी मागितली. मी म्हटलं, फाडा, पण तारीख लिहून ठेवा. ताप, अवधान, खोकला, डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर कुणाला फोन करायचा, हे तिच्याकडून मी परत परत वदवून घेतलं.

तिचा फोन डिसेंबरात, दुपारी आला. मागे मोळ्या बांधणाऱ्या बायकांचा गलका. “मॅडम, तुम्ही म्हणला होता ते अवधान आलंय. मानेला, लिंबाएवढं. ताप पण हाय.” मी विचारलं, गोळ्या? “चालू हायेत. एक बी चुकली नाही.” मी तिथल्या केंद्रात फोन केला, दुसऱ्या दिवशी मुकादमाची परवानगी काढून ती त्याला घेऊन गेली. गाठीतलं पाणी तपासलं, टीबी निघाला. टीबीची औषधं सुरू झाली, डोल्युटेग्राव्हिरची दुसरी गोळी लागली. टीएलडी एक दिवसही थांबवावी लागली नाही. आठवड्याभराने तिने मला पुन्हा फोन केला, तो वेळा विचारायला. ते पहाटे चारला फडात उतरतात, तेव्हा पहिली गोळी पहाटे साडेतीनला आणि दुसरी दुपारी साडेतीनला घेतली तर चालेल का, असं तिचं म्हणणं होतं. चालेल, म्हटलं. मग तिने विचारलं की दुपारी साडेतीनला तो गाडी भरत असतो, तेव्हा ही दुसरी गोळी भाकरी न खाता, नुसत्या पाण्यावर घेतली तर चालेल का. तेही चालतं, मी सांगितलं.